आफ्रिकेच्या सफारीआधी एक पिवळे कार्ड

सातिवलीच्या औद्योगिक वसाहतीत उभे राहून पूर्वेकडे पाहिले की गाळ्यांच्या पत्र्यांमागे तुंगारेश्वरचा डोंगर दिसतो. २००३ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळालेल्या या जंगलात बिबट्याचा वावर आहे आणि देवळाच्या वाटेवर माकडे हमखास भेटतात. त्यामुळे रानातले प्राणी इथल्या माणसांना अगदीच अनोळखी नाहीत. तरीही मोकळ्या माळावर पसरलेला हत्तींचा कळप, बाभळीच्या शेंड्याला तोंड लावणारा जिराफ आणि नदीत उड्या घेणारी हजारो विल्डबीस्ट पाहायची तर आफ्रिकाच गाठावी लागते. पूर्वी ही हौस मोजक्यांची होती. आता वसई-विरारमधल्या मध्यमवर्गीय घरांतही तिच्यासाठी पैसे साठवले जातात.

समजा, इथल्याच एका पाच जणांच्या कुटुंबाने केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात जायचे ठरवले आहे. वडिलांचा सातिवलीत गाळा आहे, आई नोकरी करते, मुलगी आठवीत, मुलगा पाचवीत आणि सोबत सदुसष्ट वर्षांच्या आजी. टूर कंपनीला आगाऊ रक्कम देऊन झाली. दुर्बीण घेतली, कॅमेऱ्याची लेन्स कुणाकडून तरी मिळणार आहे, चिवडा आणि लाडू कधी करायचे तेही ठरले. कंपनीच्या सूचनापत्रात अगदी शेवटी एक ओळ आहे : ‘यलो फीवर लसीकरण प्रमाणपत्र आवश्यक’. व्हिसा, विमा यांसारखेच हेही एक कागदपत्र असेल, असे समजून ते काम शेवटच्या पंधरवड्यासाठी ठेवून दिले जाते.

गडबड इथेच होते. आफ्रिकेतील सफारीच्या नियोजनात सर्वात आधी ठरवण्याची गोष्ट ती एक ओळ आहे. कोणत्या देशात जायचे, कोणत्या विमानतळावरून जायचे आणि घरातल्या कोणी जायचे, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे तिच्यावर अवलंबून असतात. ही लस जाणाऱ्याच्या संरक्षणासाठी जेवढी आहे, तेवढीच सातिवलीत मागे राहणाऱ्यांसाठीही आहे.

सहा तासांचा प्रवास, सहा दिवसांचा विषाणू

यलो फीवर, म्हणजेच पीतज्वर, हा विषाणूमुळे होणारा आजार आहे. डास चावल्यानंतर साधारण तीन ते सहा दिवसांनी ताप, डोकेदुखी, पाठदुखी आणि उलट्या सुरू होतात. बहुतेक रुग्ण तीन-चार दिवसांत बरे होतात. पण काहींचा ताप उतरल्यासारखा वाटतो आणि पुन्हा उसळतो. मग कावीळ होते, लघवी कमी होते, नाका-तोंडातून रक्त येऊ लागते. या टप्प्यात पोहोचलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे रुग्ण सात ते दहा दिवसांत दगावतात. या विषाणूवर आजही खास औषध नाही; रुग्णाला आधार देणारे उपचार एवढेच डॉक्टरांच्या हाती असते.

आजार पसरवणारा शहरी डास मात्र आपल्या चांगल्याच ओळखीचा आहे. त्याचे नाव ‘एडिस इजिप्ती’. डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरवणारा पांढऱ्या पट्ट्यांचा डास तो हाच. तो दिवसा चावतो आणि साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. पाणी एक दिवसाआड येणाऱ्या चाळीतले पिंप, इमारतीच्या गच्चीवरची उघडी टाकी, गाळ्यामागे पडलेले जुने टायर, पत्र्यावर टाकलेल्या ताडपत्रीच्या खोलगट भागात साचलेले पावसाचे पाणी, अशा जागा त्याला पुरतात. औद्योगिक पट्ट्यात त्या शोधाव्या लागत नाहीत.

आता मुंबई ते नैरोबी हे अंतर पाहा. थेट विमानाने ते सुमारे सहा तासांचे आहे. परतीच्या आदल्या दिवशी एखाद्याला संसर्ग झाला, तर तो ठणठणीत अवस्थेत मुंबईत उतरेल, घरी येईल, कामावरही जाईल आणि त्यानंतर दोन-चार दिवसांनी त्याला ताप भरेल. ताप येण्याच्या सुमारास रक्तात विषाणू भरपूर असतो. त्या दिवसांत त्याला चावलेला डास आठवडा-दीड आठवड्याने हा विषाणू दुसऱ्याला देऊ शकतो. विमानतळावर तापमान मोजून अशा माणसाला अडवता येत नाही. अडवता येते ते फक्त लसीच्या जोरावर.

भारतात पीतज्वर आजवर पसरलेला नाही. म्हणूनच इथल्या जवळजवळ कुणाच्याही शरीरात त्याविरुद्धची प्रतिकारशक्ती नाही. डास आहे, दाट वस्ती आहे आणि प्रतिकारशक्ती नाही, ही परिस्थिती ओळखूनच भारताने विमानप्रवाशांसाठी १९५४ च्या सार्वजनिक आरोग्य नियमांपासून कडक धोरण ठेवले आहे. पीतज्वराचा धोका असलेल्या देशातून सहा दिवसांच्या आत वैध प्रमाणपत्राशिवाय आलेल्या प्रवाशाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. तो भारतीय नागरिक आहे, घर तासाभरावर आहे, याने काही फरक पडत नाही.

आपली माकडे आणि असिबीचे रक्त

पीतज्वर डासामुळे पसरतो, ही कल्पना क्यूबातील डॉक्टर कार्लोस फिनले यांनी १८८१ मध्ये मांडली. १९०० मध्ये वॉल्टर रीड यांच्या पथकाने ती सिद्ध केली. पण जंतू कोणता, हे कळायला आणखी पाव शतक गेले. अडचण अशी की प्रयोगासाठी प्राणीच सापडत नव्हता. आफ्रिकेतल्या माकडांना संसर्ग झाला तरी ती सहसा आजारी पडत नव्हती.

१९२७ मध्ये आजच्या घाना देशात असिबी नावाच्या तरुणाला पीतज्वर झाला. त्याच्या रक्ताचा नमुना संशोधकांनी ऱ्हीसस माकडाला टोचला. ही भारतात आढळणारी माकडाची जात. ते माकड गंभीर आजारी पडले आणि विषाणू प्रयोगशाळेत हाती आला. असिबी बरा झाला. मात्र या संशोधनातील एक प्रमुख डॉक्टर एड्रियन स्टोक्स त्याच वर्षी पीतज्वरानेच गेले. असिबीच्या रक्तातला विषाणू कोंबडीच्या भ्रूणाच्या ऊतींमध्ये पुन्हा पुन्हा वाढवून मॅक्स थायलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये ‘१७ डी’ ही सौम्य केलेली लस तयार केली. थायलर यांना १९५१ मध्ये नोबेल मिळाले. आज मुंबईत प्रवाशाच्या दंडात जाणारी लस त्याच विषाणूच्या वंशातली आहे.

या कथेत भारतासाठी एक इशारा होता. आशियातली माकडे पीतज्वराला सहज बळी पडतात, हे त्यातून कळले. हा विषाणू शहरांत डास आणि माणूस यांच्यात फिरतो, तसाच जंगलात डास आणि माकड यांच्यातही फिरतो. एकदा तो जंगलात मुरला की त्याला पूर्ण हटवणे जवळजवळ अशक्य होते; दक्षिण अमेरिकेत नेमके तेच झाले. म्हणूनच १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात माकडे पटापट मरू लागली, तेव्हा पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांना पहिली शंका पीतज्वराचीच आली. हेच केंद्र आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. तपासाअंती तो गोचिडांमुळे पसरणारा वेगळाच विषाणू निघाला. पुढे सिंधुदुर्गापर्यंत पोहोचलेला ‘माकडताप’ तो हाच. त्या वेळी पीतज्वराची भीती खोटी ठरली, पण भीती वाटण्याचे कारण आजही कायम आहे. सातिवलीतल्या वस्तीत एडिस डास आहे आणि वस्तीला लागूनच माकडांचे जंगल आहे.

हा धोका केवळ पुस्तकी नाही, हे २०१६ मध्ये दिसले. अंगोलात पीतज्वराची मोठी साथ सुरू असताना तिथे काम करणारे ११ जण संसर्ग घेऊन चीनमध्ये परतले. आशियात प्रयोगशाळेत निश्चित झालेले हे पहिले रुग्ण. सुदैवाने पुढे स्थानिक प्रसार झाला नाही. त्याच साथीत लसीचा जागतिक साठा इतका खालावला की काँगोची राजधानी किन्शासामध्ये एका मात्रेचे पाच भाग करून लोकांना लस द्यावी लागली. केनियातही २०२२ मध्ये इसिओलो भागात उद्रेक झाला होता.

लस केव्हा, कुठे आणि कुणाला?

ही लस नाक्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही. केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रांवरच ती दिली जाते आणि तिथले प्रमाणपत्रच आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी ग्राह्य असते. मुंबईत विमानतळ आरोग्य संघटना आणि बंदर आरोग्य संघटना यांची केंद्रे आहेत. केंद्रांची पूर्ण यादी केंद्रीय आरोग्य मंत्रालय प्रसिद्ध करते. जाण्यापूर्वी वेळ घ्यावी लागते. लसीच्या एका कुपीत अनेक मात्रा असतात आणि कुपी एकदा विरघळवली की सहा तासांत संपवावी लागते. त्यामुळे ठरावीक दिवशी, ठरावीक संख्येने लोकांना बोलावले जाते. उन्हाळी आणि दिवाळीच्या सुट्टीआधी गर्दी वाढते. जाताना मूळ पासपोर्ट न्यावा, कारण त्याचा क्रमांक कार्डावर लिहिला जातो.

प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून वैध धरले जाते. शरीराला प्रतिकारशक्ती तयार करायला तेवढा वेळ लागतो. तीस दिवसांत तर ती जवळजवळ सर्वांमध्ये तयार झालेली असते. म्हणजे प्रस्थानाच्या आठवडाभर आधी धावत जाऊन लस घेतली, तर कार्ड हातात असूनही ते उपयोगाचे नसते. एक दिलासा असा की ११ जुलै २०१६ पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभरासाठी ग्राह्य आहे. पूर्वी दर दहा वर्षांनी लस घ्यावी लागे. जुने कार्ड असेल तर ते जपून ठेवावे. पासपोर्ट बदलला असेल तर जुना पासपोर्टही सोबत न्यावा.

लस जिवंत पण सौम्य केलेल्या विषाणूची असल्याने ती प्रत्येकाला चालत नाही. नऊ महिन्यांखालील बाळांना ती सहसा देत नाहीत. सहा महिन्यांखालील बाळांना तर मुळीच नाही. कर्करोगावरील उपचार, अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधे, दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइड्स अशा कारणांनी प्रतिकारशक्ती दबलेली असेल, थायमस ग्रंथीचा विकार असेल किंवा अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल, तर ती टाळावी लागते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांबाबत डॉक्टर धोका तोलून निर्णय घेतात. बाकीच्यांना सहसा किरकोळ ताप, अंगदुखी किंवा दंडाला सूज एवढाच त्रास होतो.

आजींचा प्रश्न मात्र वेगळा आहे. साठीनंतर पहिल्यांदाच ही लस घेणाऱ्यांमध्ये गंभीर दुष्परिणामांचे प्रमाण तरुणांपेक्षा जास्त आढळते. क्वचित प्रसंगी लसीतलाच विषाणू यकृत, मूत्रपिंड अशा अवयवांवर किंवा मज्जासंस्थेवर परिणाम करतो. लाखो मात्रांमध्ये अशा घटना मोजक्याच असतात, म्हणून घाबरण्याचे कारण नाही. पण साठीपुढच्या व्यक्तीने ‘सगळे घेताहेत तर मीही घेते’ म्हणून रांगेत उभे राहू नये. आधी आपल्या डॉक्टरांना भेटावे, सगळी औषधे दाखवावीत. केंद्रावरही डॉक्टरांचे पत्र मागितले जाऊ शकते. लस देणे योग्य नसेल तर डॉक्टर वैद्यकीय सूट देऊ शकतात, पण ती मान्य करायची की नाही हे त्या त्या देशाच्या हाती असते. शिवाय सूट म्हणजे संरक्षण नव्हे, आणि परतल्यावर विलगीकरणाची शक्यता उरतेच.

देश बदलला की नियम बदलतो

आजींना घरी ठेवून जायचे नसेल तर आणखी एक वाट आहे. आफ्रिकेतली सगळी राष्ट्रीय उद्याने पीतज्वराच्या पट्ट्यात येत नाहीत. केनिया, युगांडा, इथिओपिया हे देश त्या पट्ट्यात आहेत. दक्षिण आफ्रिका, बोट्स्वाना, नामिबिया आणि झिम्बाब्वे हे देश नाहीत. क्रुगर, चोबे, इटोशा, ह्वांगे ही नामांकित उद्याने याच चार देशांतली. सिंह, हत्ती, जिराफ तिथेही मोकळ्या माळावरच दिसतात.

पण मार्गाकडेही लक्ष हवे. स्वस्त तिकिटाच्या मोहात नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे विमान घेतले आणि तिथे बराच वेळ थांबावे लागले, तर नियम लागू होतात. पीतज्वराच्या देशातील विमानतळावर बारा तासांपेक्षा जास्त थांबलेल्या प्रवाशाकडे दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया प्रमाणपत्र मागतात. भारतात परतताना, विमानतळाबाहेर न पडलेल्या प्रवाशाला सूट मिळू शकते. पण तो निर्णय आरोग्य अधिकाऱ्याचा असतो. म्हणून कार्ड नसेल तर आखाती देशांमार्गे जाणारे विमान बरे.

टांझानियाचे उदाहरण अनेकांना गोंधळात टाकते. सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान टांझानियात आहे आणि मसाई मारा त्याला लागूनच, पण केनियात. वन्यप्राण्यांना सीमा ठाऊक नाही, प्रवाशाला मात्र ती ओलांडावी लागते. भारतातून थेट टांझानियाला जाणाऱ्याला एक नियम, केनियातून रस्त्याने सेरेंगेटीत शिरणाऱ्याला दुसरा. दोन्ही देश एकाच सहलीत करणाऱ्यांनी लस घेतलेलीच असावी. नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी त्या देशाच्या दूतावासाची आणि आपल्या आरोग्य मंत्रालयाची ताजी सूचना पाहावी.

सिंहाची भीती, डासाचा घाला

आफ्रिकेतल्या जंगलाची भीती म्हटली की सिंह डोळ्यांपुढे येतो. १८९८ मध्ये केनियातील त्सावो नदीवर पूल बांधणाऱ्या भारतीय मजुरांना दोन नरभक्षक सिंहांनी उचलून नेले, ती हकीकत जगभर गाजली. आज त्सावो हे राष्ट्रीय उद्यान आहे आणि पर्यटक मुद्दाम ते सिंह पाहायला जातात. पण त्या रेल्वेचा हिशेब पुढेही वाचायला हवा. १८९६ ते १९०१ या काळात तिथे भारतातून सुमारे ३२ हजार मजूर नेले गेले आणि त्यांपैकी जवळजवळ अडीच हजार मरण पावले. सिंहांनी घेतलेले बळी काही डझन होते. मलेरिया, आमांश अशा आजारांनी घेतलेले त्याच्या कितीतरी पट.

जगातील मलेरियाचे सुमारे ९५ टक्के रुग्ण आजही आफ्रिकेत आहेत. ‘मलेरिया आपल्याकडेही असतो, त्यात काय एवढे’ असे वसईकराला वाटू शकते. पण आफ्रिकेतील बहुतेक मलेरिया ‘फाल्सिपेरम’ प्रकारचा आहे. उपचाराला उशीर झाल्यास तो काही दिवसांत मेंदू आणि मूत्रपिंडापर्यंत पोहोचतो. क्लोरोक्विनच्या ओळखीच्या गोळ्या तिथल्या फाल्सिपेरमवर चालत नाहीत. यावर पर्यटकांसाठी सहज मिळणारी लस नाही. प्रतिबंधक गोळ्या आणि डासांपासून बचाव हेच दोन उपाय.

गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायच्या. अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल प्रवासाच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर सात दिवस घेतात. डॉक्सीसायक्लीनही एक-दोन दिवस आधी सुरू करतात, पण परतल्यावर चार आठवडे चालू ठेवावी लागते. तिने उन्हाचा त्रास वाढतो. आठ वर्षांखालील मुलांना आणि गरोदर स्त्रियांना ती देत नाहीत. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा घ्यायची असते आणि दोन आठवडे आधी सुरू केलेली बरी. फिट्स किंवा मानसिक आजाराचा इतिहास असणाऱ्यांना ती चालत नाही. ही औषधे प्रत्येक मेडिकलमध्ये असतीलच असे नाही, म्हणून महिनाभर आधी विचारावे. घरी परतल्यावर ‘आता कशाला’ म्हणून गोळ्या सोडणे ही नेहमीची चूक. यकृतात दडलेले परजीवी नंतर रक्तात उतरतात, तेव्हा त्यांना गाठण्यासाठीच शेवटच्या गोळ्या असतात. काढा, लसूण किंवा होमिओपॅथीच्या गोळ्या फाल्सिपेरम रोखू शकत नाहीत.

लहान मुले आणि वृद्ध सोबत असतील तर मलेरिया नसलेले उद्यान निवडणे हाही शहाणपणाचा मार्ग आहे. दक्षिण आफ्रिकेतील अॅडो एलिफंट आणि पिलानेसबर्ग ही उद्याने मलेरियामुक्त भागात आहेत. क्रुगरमध्ये मात्र मलेरिया आहे आणि सप्टेंबर ते मे या काळात त्याचा धोका अधिक असतो.

निळा शर्ट घरीच ठेवा

सफारीचे खाकी कपडे केवळ फोटोसाठी नसतात. सेरेंगेटीसारख्या भागात त्सेत्से माशी आढळते. ती दिवसा, चालत्या गाडीच्याही मागे लागते, पातळ कापडातून चावते आणि क्वचित ‘निद्रारोग’ देते. गडद निळ्या आणि काळ्या रंगाकडे ती ओढली जाते. तिला पकडण्याचे सापळेही याच रंगांच्या कापडाचे करतात. त्यामुळे जीन्स आणि काळा टी-शर्ट घरी ठेवून फिकट, जाडसर, पूर्ण बाह्यांचे कपडे घ्यावेत. संध्याकाळनंतर डासांसाठी डीईईटी किंवा पिकारिडिन असलेले मलम उघड्या अंगाला लावावे. तंबूत जाळी असेल तर ती गादीखाली नीट खोचावी.

मसाई मारा विषुववृत्ताजवळ असले तरी समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंचावर आहे. जुलै-ऑगस्टमधल्या पहाटेच्या फेरीत उघड्या जीपमध्ये चांगलीच थंडी वाजते आणि दुपारी ऊन पोळते. गाडीतून उतरता येत नसल्याने अनेक जण, विशेषतः स्त्रिया, पाणी पिणे टाळतात. मधुमेह आणि रक्तदाबाच्या रुग्णांना हे महागात पडते. थांबे कुठे आहेत हे चालकाला सकाळीच विचारावे आणि सीलबंद पाणी थोडे थोडे पीत राहावे. तलावात, नदीत पाय बुडवण्याचा मोह टाळावा. व्हिक्टोरिया सरोवरासारख्या गोड्या पाण्यात त्वचेतून शिरणारे परजीवी असतात. मुक्कामाजवळच्या माकडांना खाऊ देऊ नये. चावले किंवा ओरखडले तर जखम पंधरा मिनिटे साबण-पाण्याने धुऊन रेबीजची लस तातडीने घ्यावी.

छोट्या विमानाने जाणार असाल तर बहुधा १५ किलोपर्यंतच आणि मऊ पिशवीतलेच सामान चालते. औषधे नेहमी हातातल्या बॅगेत, मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवावीत. केनियात २०१७ पासून आणि टांझानियात २०१९ पासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगना बंदी आहे, तेव्हा लाडू-चिवडा डब्यात आणि औषधे कापडी पिशवीत भरावीत. प्रवास विम्यात रुग्णाला हवाई मार्गाने हलवण्याचा खर्च धरला आहे ना, हे वाचून घ्यावे. माऱ्याहून नैरोबी रस्त्याने पाच-सहा तासांवर आहे.

उलटी मोजणी

- तीन महिने आधी : देश, उद्यान आणि विमानमार्ग ठरवण्यापूर्वी सर्वांनी डॉक्टरांची भेट. साठीपुढचे, लहान मुले, गरोदर स्त्रिया, जुने आजार असलेले यांच्याबद्दल आधी निर्णय, नंतर आगाऊ रक्कम.
- दोन महिने आधी : पीतज्वराच्या लसीसाठी केंद्रावर वेळ. टायफॉइड, हिपॅटायटिस ए आणि धनुर्वाताच्या लसींची चौकशी. दुसरी जिवंत लस घ्यायची असेल तर ती त्याच दिवशी किंवा चार आठवड्यांच्या अंतराने.
- एक महिना आधी : मलेरियाच्या गोळ्या, मलम, नेहमीची औषधे सहलीच्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्त.
- दहा दिवस आधी : लस घेण्याची ही शेवटची मुदत आहे, इथवर काम लांबवू नये.
- निघताना : कार्ड पासपोर्टसोबत, त्याचा फोटो मोबाइलमध्ये. एजंटने लस न देता भरून दिलेले कार्ड स्वीकारू नये. त्याने घरच्यांनाच धोका होतो.

परतल्यावर आलेला ताप

विल्डबीस्टचे कळप साधारण जुलै ते ऑक्टोबर या काळात माऱ्यात असतात. नेमक्या त्याच महिन्यांत वसई-विरारमध्ये पावसाळी तापाचे रुग्ण वाढतात. डेंग्यू, फ्लू, टायफॉइड, लेप्टो या सगळ्यांचा हाच हंगाम. सहलीहून आल्यावर पंधरा दिवसांनी ताप आला तर घरचे म्हणतात, प्रवासाचा शीण असेल. दवाखान्यात रांग असते, ‘व्हायरल दिसतो’ म्हणून तीन दिवसांची औषधे मिळतात. फाल्सिपेरम मलेरियात हे तीन दिवसच जीवघेणे ठरू शकतात.

मलेरियाचा ताप संसर्गानंतर किमान आठवड्याने, बहुतेकदा महिन्याच्या आत, तर कधी तीन महिन्यांनंतरही येतो. त्यामुळे आफ्रिकेहून परतल्यावर वर्षभरात ताप आला, तर तोंडातले पहिले वाक्य ‘आम्ही आफ्रिकेत जाऊन आलो’ हे असायला हवे. त्याच दिवशी रक्ताची मलेरिया तपासणी व्हावी. पहिली तपासणी निर्दोष आली तरी ताप असेल तर बारा ते चोवीस तासांच्या अंतराने आणखी दोनदा करावी. प्रतिबंधक गोळ्या घेतल्या होत्या, एवढ्यावर मलेरिया नाही असे मानू नये. परतल्यानंतर पहिल्या आठवड्यात ताप आला तर मच्छरदाणीत झोपावे आणि डासांना चावू देऊ नये. मग तो मलेरिया असो, डेंग्यू असो की आणखी काही, शेजाऱ्यांपर्यंत तो पोहोचणार नाही.

त्या पाच जणांच्या कुटुंबापुढे आता दोन पर्याय आहेत. आजींच्या डॉक्टरांनी लसीला होकार दिला तर सगळे मिळून माऱ्याला जाऊ शकतात. नकार दिला तर आखाती मार्गाने दक्षिण आफ्रिकेत, मलेरियामुक्त उद्यानात हत्तींचे कळप पाहता येतील. दोन्ही सहली सुखरूप होऊ शकतात. मात्र हा निर्णय तिकिटाआधी व्हायला हवा आणि त्यासाठी टूर कंपनीच्या सूचनापत्राची शेवटची ओळ सगळ्यात आधी वाचायला हवी.